विश्लेषण : बढती नाकारलेला शिक्षक कारखानदार कसा झाला? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा प्रवास काय सांगतो?

नंदुरबार, शहादा, तळोदा परिसरातील शेतकऱ्याला किर्लोस्कर हे नाव सांगावे लागत नाही. विहिरीवरचा पंप, जुने डिझेल इंजिन किंवा दुकानाची पाटी अशा कोणत्या ना कोणत्या रूपात ते त्याने पाहिलेले असते. या नावामागचा माणूस मात्र आता फारसा आठवला जात नाही. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे ना उद्योजकाच्या घरात जन्मले, ना त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी होती. चित्रकार होण्यासाठी मुंबईत आलेला हा तरुण रंग नीट ओळखता येत नसल्याने शिक्षक झाला. हक्काची बढती नाकारली गेल्यावर त्याने ती नोकरीही सोडली. सायकलच्या दुकानापासून सुरू झालेली त्याची वाटचाल लोखंडी नांगर, पंप आणि एका औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचली. भांडवल, बाजारपेठ आणि जागा यांपैकी काहीही अनुकूल नसताना हे कसे शक्य झाले, याचा आढावा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक बलवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलानेही शिकून चांगल्या नोकरीला लागावे, अशी त्या काळातील मध्यमवर्गीय घरातील रीतच होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमत नव्हते. त्यांना दोन गोष्टींची ओढ होती. एक चित्रकला आणि दुसरी यंत्रे.

वडिलांचा विरोध असतानाही १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हे पाठबळ पुढे आयुष्यभर टिकले. किर्लोस्करांच्या उद्योगाची गोष्ट एकट्या लक्ष्मणरावांची नाही, दोन भावांची आहे. कंपनीचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स असे पडले ते उगाच नव्हे.

चित्रकार होणारा तरुण शिक्षक कसा झाला?

जे. जे. मध्ये सुमारे दोन वर्षे काढल्यावर लक्ष्मणरावांना काही रंगांमधील फरक नीट कळत नसल्याचे लक्षात आले. ते अंशतः रंगांध होते. चित्रकार होण्याचे स्वप्न पाहणाऱ्यासाठी हा मोठा धक्का होता. घरच्यांचा विरोध पत्करून निवडलेला मार्ग विशीच्या आतच बंद झाला होता.

रंग दगा देत असले, तरी रेषेवर त्यांची पकड होती. त्यांनी यांत्रिक आरेखनाकडे, म्हणजे यंत्रांचे मोजमापासह चित्र काढण्याच्या विद्येकडे मोर्चा वळवला. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय सुरू झाली होती. गिरण्या आणि रेल्वेच्या शहराला यंत्रे जाणणारी माणसे हवी होती. या संस्थेत लक्ष्मणराव यांत्रिक आरेखनाचे सहायक शिक्षक म्हणून रुजू झाले.

वर्गात शिकवायचे आणि वेळ मिळेल तेव्हा संस्थेच्या कार्यशाळेत शिरायचे, असा त्यांचा क्रम होता. कागदावर काढलेला भाग प्रत्यक्षात कसा ओततात, कसा कापतात, कुठे झिजतो आणि कुठे तुटतो, हे ते हाताने काम करून शिकले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच आली नाही. शिकवताना शिकणे, हेच त्यांचे शिक्षण ठरले.

सायकलचा व्यवसाय कसा सुरू झाला?

दोन सारख्या आकाराच्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास आली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला आणि ती खऱ्या अर्थाने रस्त्यावर धावू लागली. युरोप आणि अमेरिकेत पुढच्या दहा-बारा वर्षांत सायकलने धुमाकूळ घातला. पायघोळ झगा घालून सायकल चालवता येत नसल्याने तिथल्या स्त्रियांच्या पोशाखावरही वाद झडले आणि खेळासाठी सुटसुटीत कपडे वापरण्याची चाल हळूहळू रुळली.

भारतात मात्र सायकल ही तेव्हा साहेब आणि श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणरावांनी मुंबईत ती पाहिली आणि तिच्यातील धंदा ओळखला. मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या आणि त्यांनी त्या विकायच्या, अशी भावांनी वाटणी केली. किर्लोस्कर समूह आपली स्थापना १८८८ पासून मोजतो, ती याच सायकलच्या व्यवसायापासून. बेळगावातील किर्लोस्कर रोड हे नाव त्या दिवसांची आठवण आहे.

या धंद्यात एक अडचण होती. गिऱ्हाइकाने सायकल कधी पाहिलेलीच नसे. त्यामुळे केवळ विकून भागत नव्हते, चालवायलाही शिकवावे लागे. बिघडल्यावर दुरुस्त करून देणे ओघाने आलेच. आधी शिकवा, मग विका, हा धडा किर्लोस्करांना इथे मिळाला. पुढे नांगराच्या वेळी तोच कामी आला.

शिक्षकाची नोकरी का सोडली?

लक्ष्मणरावांनी मुंबईतील नोकरीत जवळपास दशकभर काढले होते. वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपल्याला मिळेल, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. पण त्या जागेवर एका अँग्लो-इंडियन उमेदवाराची नेमणूक झाली. वसाहतीच्या काळात हे नवे नव्हते. सरकारी आणि निमसरकारी संस्थांमध्ये वरच्या जागा गोऱ्या किंवा युरेशियन उमेदवारांसाठी जणू राखीवच असत. अनेक जण हा अपमान गिळून निवृत्तीपर्यंत थांबत.

लक्ष्मणराव थांबले नाहीत. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. मासिक पगार, मुंबईतील ओळखी आणि शिक्षक म्हणून असलेली प्रतिष्ठा सोडून ते एका सायकलच्या दुकानात रुजू झाले होते. ब्राह्मण घरातील शिकलेल्या माणसाने हातात पाना घ्यावा, तेल-काजळीत काम करावे, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला रुचणारी नव्हती. त्यामुळे हा निर्णय केवळ आर्थिक जोखमीचा नव्हता. त्यात लोकलज्जेचाही भाग होता.

सायकलवरून ते नांगराकडे का वळले?

सायकलचे गिऱ्हाईक मोजकेच होते. ती बनत होती विलायतेत, बेळगावात फक्त विकली जात होती. लक्ष्मणरावांना स्वतः काही तरी बनवायचे होते. बेळगावच्या अवतीभवती शेतकरीच शेतकरी होते. मग शेतकऱ्याला लागणारी वस्तू का बनवू नये, हा विचार पुढे आला. इंग्रजी तांत्रिक पुस्तके आणि परदेशी अवजारांची माहितीपत्रके वाचून त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर निवडण्यामागचे कारण जमिनीत आहे. आपल्याकडचा पारंपरिक लाकडी नांगर जमीन फोडतो, पण उलटवत नाही. तासाच्या दोन्ही बाजूंना माती सरकते आणि तण बऱ्याच प्रमाणात जागेवरच राहते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वक्राकार पंख असतो. त्यावरून माती चढते आणि पालथी पडते. वरचे तण खाली गाडले जाते आणि खालची माती वर येऊन तापते. दख्खनच्या आणि खान्देशच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. ती वरवरच्या नांगरटीने निघत नाहीत. त्यामुळे अशा जमिनीला खोल आणि उलटवणारी नांगरट उपयोगी पडते.

इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे लोखंडी नांगर तेव्हा बाजारात होते. पण ते महाग होते आणि एखादा भाग मोडला की तो पुन्हा मिळवणे हे वेगळेच दुखणे होते. इथल्या बैलांना ओढता येईल, इथल्या मातीत टिकेल आणि सुटे भाग इथेच मिळतील असा नांगर बनवता आला, तर मोठी बाजारपेठ समोर होती. निदान कागदावर तरी.

नांगर विकला का गेला नाही?

किर्लोस्करांनी पहिले सहा नांगर तयार केले. ते विकायला दोन वर्षे लागली. कारण तांत्रिक नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती.

आज ही समजूत हास्यास्पद वाटते. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती इतकी वेडगळ नाही. त्याच्याकडे जमिनीचा एकच तुकडा असतो. नवा प्रयोग फसला तर वर्षाचे पीक जाते आणि सावकाराचे कर्ज वाढते. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देतो, दुरुस्तही तोच करतो. अशा वेळी रोख पैसे देऊन परक्या माणसाकडून अनोळखी वस्तू घेण्यापेक्षा ती नाकारणे शहाणपणाचे वाटणे स्वाभाविक होते. नवे बियाणे किंवा ठिबकचा संच पहिल्यांदा गावात येतो तेव्हा आजही शेतकरी आधी शेजारच्या बांधावरचे पीक पाहतो.

जाहिरातीने ही भीती जाणार नव्हती. प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखवणे आणि पुढच्या हंगामातील पिकाची वाट पाहणे, हाच मार्ग होता. ज्यांनी नांगर घेतला त्यांच्या शेतात पीक जोमदार आले, हे इतरांनी पाहिले, तेव्हा मागणी वाढू लागली. या दोन वर्षांत भांडवल अडकून पडले होते आणि घर चालवायचे होते. त्या काळात धंदा बंद झाला असता, तर आज किर्लोस्कर हे नाव फक्त संगीत नाटकाशी जोडलेले राहिले असते.

बेळगाव का सोडावे लागले?

नांगराला मागणी येऊ लागली आणि दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव शहराची वाढ होत होती. नवे उपनगर वसवण्यासाठी किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी होती. जागा खाली करण्याचा आदेश आला. भट्टी, यंत्रे, कामगार आणि तयार माल घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. नवी जमीन घेण्याइतका पैसा नव्हता.

या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून त्यांची ओळख आहे. हा व्यायाम त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही करायला लावला. औंधमध्ये एक मोठा मंडप उभारण्याचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. त्या निमित्ताने राजाने त्यांचे काम जवळून पाहिले. कारखाना संस्थानात आणावा, असे त्यांनी सुचवले. दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज आणि कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली.

जमीन पाहून कोणी आनंदी झाले असते, असे नाही. तिथे निवडुंग माजले होते, साप-विंचवांचे राज्य होते आणि पाण्याची टंचाई होती. एकच गोष्ट मोलाची होती, ती म्हणजे शेजारून जाणारी रेल्वे. कच्चे लोखंड आणायला आणि नांगर देशभर पाठवायला तीच लागणार होती. मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह किर्लोस्कर बंधू या माळावर उतरले. आज हे गाव सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. त्याचे आणि रेल्वे स्थानकाचेही नाव किर्लोस्करवाडी झाले.

किर्लोस्करवाडीत वेगळे काय होते?

कारखान्याभोवती कामगारांची वसाहत ही कल्पना जगात नवी नव्हती. इंग्लंडमध्ये कॅडबरी कुटुंबाने बॉर्नव्हिलमध्ये असा प्रयोग केला होता. भारतात टाटांचे पोलाद शहर त्याच सुमारास आकार घेत होते. पण टाटांमागे मोठे भांडवल होते. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती एका लहान संस्थानाच्या कर्जावर आणि नांगराच्या विक्रीवर.

रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. घरे, रस्ते, पाणी, शाळा, झाडे हा त्यांचा प्रांत होता. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती, पण किर्लोस्करवाडीत ते कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. शंभोराव जांभेकर हेही सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी. लक्ष्मणराव माणूस निवडताना प्रमाणपत्रापेक्षा हात आणि डोके पाहत. स्वतः पदवीशिवाय इथवर आलेल्या माणसाने असे करणे साहजिकच होते.

वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नसेल, हे त्यांनी ठरवले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रामीण महाराष्ट्रात, जिथे पाणवठेही जातीनुसार वेगळे होते, तिथे हे सोपे नव्हते. दरोडेखोरीसाठी शिक्षा भोगलेल्या माणसांवरही त्यांनी विश्वास टाकला आणि त्यांना राखणदारीच्या कामावर ठेवले. कामात गुंतलेला आणि मान मिळालेला माणूस बदलू शकतो, यावर त्यांचा भरवसा होता.

पहिल्या महायुद्धाचा परिणाम काय झाला?

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि विलायतेहून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. कोळसा मिळेना. लोखंड वितळवायचे कशावर आणि वितळवायचे काय, असे दोन्ही प्रश्न उभे राहिले. लाकडी कोळशावर भट्टी चालवण्याचे प्रयोग झाले, मोडीचे लोखंड गोळा केले गेले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, असे सांगितले जाते. तोफेचा नांगर होण्याची ही कथा महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील लोभस कथांपैकी एक आहे.

याच युद्धाने संधीही दिली. परदेशी नांगरांची आयात रोडावली. जो शेतकरी लोखंडी नांगराला सरावला होता, त्याला आता देशी नांगराशिवाय पर्याय उरला नाही. किर्लोस्कर नांगराचा खप वाढला. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. सायकलचे दुकान अधिकृतपणे मर्यादित कंपनी बनले.

नांगरानंतर काय?

एकाच वस्तूवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हे लक्ष्मणरावांना पुरते कळले होते. शेतीला दुष्काळ आणि बाजारभाव यांचा फटका बसला की नांगराची विक्री थंडावत असे. म्हणून उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप अशी उत्पादने वाढत गेली. १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप बनवण्यास सुरुवात झाली. या पंपात वेगाने फिरणारे पाते पाण्याला बाहेरच्या दिशेने फेकते आणि त्या दाबाने पाणी वर चढते. विहिरीवर मोट चालवणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही क्रांतीच होती. मोटेला बैल, माणूस आणि दिवसभराचा वेळ लागे. पंपाने तेच पाणी कितीतरी कमी वेळात वर येऊ लागले.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव याच काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून परतले. वडिलांना न मिळालेली पदवी मुलाकडे आली. १९३० च्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगराला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा कारखान्याने पोलादी फर्निचरकडेही लक्ष वळवले. पुढे हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे, बंगळूरुत विजेच्या मोटारी आणि १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिने, असा विस्तार शंतनुरावांच्या पिढीने केला.

मासिके आणि स्त्रियांचा प्रश्न कारखान्यात कसा आला?

किर्लोस्करवाडीतून नांगरांबरोबर मासिकेही बाहेर पडत, ही गोष्ट आजच्या वाचकाला चकित करेल. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये कारखान्याचे वार्तापत्र म्हणून किर्लोस्कर खबर सुरू केले. पुढे नावातील खबर गळाले आणि किर्लोस्कर हे सामाजिक विचारांचे मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले. विज्ञाननिष्ठा, उद्योग आणि रूढींवर टीका हे त्याचे विषय होते.

१९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. शिक्षण, विवाह, नोकरी, आरोग्य, व्यायाम आणि पोशाख या विषयांवर स्त्रियांना मोकळेपणाने बोलता येईल, असे व्यासपीठ स्त्री मासिकाने दिले. संपादन शंकररावांचे असले, तरी या प्रयोगाला जागा आणि छापखाना मिळाला तो लक्ष्मणरावांच्या कारखान्यात. गिऱ्हाइकाची समजूत बदलल्याशिवाय वस्तू खपत नाही, हे नांगराने शिकवले होते. समाजाची समजूत बदलण्याचे काम त्याच माळावरून सुरू झाले.

या यशाच्या मर्यादा कोणत्या?

लक्ष्मणरावांचे चरित्र सांगताना ते केवळ एकट्याच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितले जाते. ते पूर्ण सत्य नाही. औंधच्या राजाने बिनव्याजी कर्ज आणि जमीन दिली नसती, तर बेळगावातून उठवलेला कारखाना पुन्हा उभा राहणे कठीण होते. ही मदत परिचयातून मिळाली. असा परिचय आणि शिक्षण त्या काळी फार थोड्यांच्या वाट्याला येत असे.

दुसरे असे, की लोखंडी नांगराचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. तो विकत घ्यायला रोख पैसा आणि ओढायला दमदार बैलजोड्या लागत. सातपुड्याच्या उतारावर हलक्या, खडकाळ जमिनीत शेती करणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला या नांगराचा उपयोग मर्यादित होता. नव्या अवजाराचा पहिला फायदा बागायतदाराला होतो, हा शेतीतील जुना अनुभव इथेही खरा ठरतो.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध दंगली उसळल्या. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. जातिभेद न मानणारी वसाहत जातीच्याच रागात होरपळली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. निवडुंग तोडून उभे केलेले काम जळताना पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली. कारखाना मात्र बंद पडला नाही. तो पुन्हा उभा करण्यात आला आणि आजही तिथे पंप तयार होतात.

नंदुरबारसाठी या चरित्राचे महत्त्व काय?

लक्ष्मणरावांनी नांगर बनवायला घेतला तेव्हा नंदुरबार हा खान्देशचा भाग होता. १९०६ मध्ये पश्चिम खान्देश जिल्हा झाला, पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा बनला. तापीकाठची काळी जमीन, कापूस, ऊस, केळी आणि मिरची ही इथली ओळख. प्रकाशा आणि सारंगखेडा येथे तापीवर बॅरेज उभे राहिले, तरी पाणी नदीपासून शेतापर्यंत उचलावे लागते ते पंपानेच. खोल नांगरट आणि पाणी उपसणे या दोन गरजांवर किर्लोस्करांचा सगळा उद्योग उभा होता आणि या दोन्ही गरजा इथल्या आहेत.

पण आणखी एक धागा आहे. आपल्याकडे शिक्षकाची किंवा सरकारी नोकरी म्हणजे आयुष्याची शाश्वती, असे मानले जाते आणि त्यात चूक काही नाही. लक्ष्मणरावांचे उदाहरण नोकरी सोडा असे सांगत नाही. त्यांनी राजीनामा दिला तेव्हा सायकलचा व्यवसाय काही वर्षे सुरू होता, घरचा माणूस तो सांभाळत होता आणि यंत्राचे काम हातात बसले होते. उडी मोठी होती, पण ती अंधारात मारलेली नव्हती. मिरची दळण्यापासून शेतमाल प्रक्रियेपर्यंत काही सुरू करू पाहणाऱ्या तरुणांसाठी आणि बचत गटांसाठी हा तपशील महत्त्वाचा आहे. आपल्या आसपासच्या माणसाला काय लागते, ते बनवायचे आणि त्याचा विश्वास बसेपर्यंत थांबायची तयारी ठेवायची, एवढे त्यातून घेता येते.

त्यांचा शेवट आणि वारसा

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पहिले सहा नांगर दोन वर्षे पडून राहिले होते. नंतरच्या काळात लोखंडी नांगर इतका सर्वमान्य झाला, की त्याने जमीन बिघडते असे कधी मानले जात होते, हेच लोक विसरले. आता ट्रॅक्टरने तोही मागे टाकला आहे. अनेक गावांत हे जुने नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत पडलेले दिसतात. एका शिक्षकाच्या दोन वर्षांच्या वाट पाहण्याची ती खूण आहे.